चौथ्या चौकटीतले फुलपाखरू

"चारही टप्प्यांची छायाचित्रे जोडल्याशिवाय माहिती स्वीकारली जाणार नाही" हे वाक्य 22 डिसेंबरला मोबाइलच्या पडद्यावर मी इतक्या वेळा वाचले, की ते अजून पाठ आहे. गोदाकाठच्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. फुलपाखराचे जीवनचक्र हस्तकला आणि गणित यांच्या जोडीने शिकवण्याचा उपक्रम आम्ही हाती घेतला होता आणि त्याची ऑनलाइन माहिती भरण्याची मुदत त्या दिवशी संपत होती. अर्जात अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू अशा चार चौकटी होत्या. आमच्या तीन भरल्या होत्या आणि चौथीत जायचे फुलपाखरू अजून कोषातच होते.

सुरुवात अगदी सुरळीत झाली. 20 नोव्हेंबरला परसबागेतल्या लिंबाच्या कोवळ्या पालवीवर मुलांना राजगिऱ्याच्या दाण्याएवढी पाच अंडी सापडली. चार दिवसांनी त्यांतून अळ्या निघाल्या. आधी त्या थेट चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसत, पुढे हिरव्यागार झाल्या. त्यांना डिवचले की डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर येई आणि उग्र वास सुटे. त्या वासासाठी मुलांची रांग लागत असे. राजगिरा चिकटवून आम्ही अंडी केली. ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाचे तेरा तुकडे दोऱ्यात ओवून अळी केली, कारण अळीच्या अंगाची वलयेही तेराच असतात. पुढच्या पायांच्या तीन जोड्या आणि मागच्या मांसल पायांच्या पाच, म्हणजे एकूण पाय किती, हे दुसरीच्या मुलांनी काड्या खोचून सोडवले. कागदाची घडी घालून एकाच बाजूला रंग लावायचा आणि दाबून उघडायचे, की दोन्ही पंख सारखे उमटतात. त्यानंतर सममितीवर वेगळे बोलावे लागले नाही.

चूक माझ्याकडून कोषात झाली. कापूस घराघरांत असल्यामुळे मी मुलांना कापूस गुंडाळून कोष करायला लावला. तेव्हा ज्याच्या घरी रेशमाचे शेड आहे असा दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हिनं तर धागाच काढला न्हाई." त्याचे बरोबर होते. रेशमाची अळी स्वतःभोवती धाग्याचे वेष्टन विणते. लिंबावरची अळी मात्र शेपटीकडचे टोक काडीला चिकटवते, कमरेभोवती एक बारीक धागा घेते आणि कातडी टाकते. आतून जे दिसते तोच तिचा उघडा कोष. कापूस बाजूला ठेवून आम्ही लिंबाचे वाळके पान वळून घेतले आणि कमरेला एकच दोरा बांधला.

13 डिसेंबरला पहिला कोष झाला. आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येते असे मी वाचले होते, त्या हिशेबाने 21 तारीख सोयीची होती. परंतु त्याच आठवड्यात परभणीकडची थंडी उतरली, आणि थंडीत कोषाचा मुक्काम लांबतो, हे मी जमेस धरलेच नव्हते. आम्ही भिंतीवर सात-सात चौकोनांच्या ओळींची पट्टी लावली होती आणि रोज सकाळी एक चौकोन रंगवला जाई. रविवारचा चौकोन सोमवारी रंगवायचा की सोडून द्यायचा, यावर पहिलीच्या वर्गात खरीखुरी भांडणे झाली. "ह्यो काहून उघडंना?" या रोजच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुदत वाढवून मागायला मी फोन केला, तर पलीकडून हसत विचारले गेले, "काय मॅडम, एक फुलपाखराचा फोटो मिळंना का तुम्हाला? नेटवरून टाका की." एका सहकाऱ्याने तसे केले होते. त्याच्या पहिल्या तीन चौकटींत लिंबावरची अळी आणि तिचा कोष होता, चौथीत मात्र रुईवर वाढणारे केशरी फुलपाखरू होते, आणि ती माहिती विनातक्रार स्वीकारली गेली. महिनाभर खपलेल्या माणसाला याचा किती संताप येतो, हे लिहून कळणार नाही. मी फोटो टाकला नाही. त्यात तत्त्वनिष्ठा होती तेवढाच हट्टही होता.

दरम्यान दुसऱ्या कोषाला टाचणीएवढे भोक पडले आणि त्यातून बारीक गांधीलमाश्या निघाल्या. त्यांनी आतले सगळे खाऊन टाकले होते. म्हणून एका अंड्यावर कधीही विसंबू नका. आमच्या पाचांतले हातात एकच उरले होते. जिवंत कोषाला बोट हलकेच लावले तर तो कधीकधी वळवळतो. एवढ्या आधारावर आम्ही नाताळ काढला.

2 जानेवारीला कोष काळपट झाला आणि आतले पिवळे ठिपके दिसू लागले. 3 तारखेला परिपाठ संपता संपता तो फाटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू काडीवर चढले आणि लोंबकळत राहिले. बरणीत अशी खडबडीत, उभी काडी आधीपासून ठेवा, कारण पंख लोंबते राहिले नाहीत तर ते वाकडेच वाळतात. पट्टीवर कोषाच्या बरोबर तीन ओळी भरल्या होत्या. "सात त्रिक एकवीस" असे कोणीतरी ओरडले आणि सगळ्या वर्गाने ते उचलून धरले. अंड्याचे चार, अळीचे एकोणीस आणि कोषाचे एकवीस दिवस मिळवून चव्वेचाळीस ही बेरीजही त्यांनीच केली.

फोटो काढून मी अर्ज उघडला, तेव्हा तो बंद झालेला होता. आमच्या शाळेपुढे तिथे "अपूर्ण" असा शेरा आहे. यंदा पावसाळ्यात, लिंबाला नवी पालवी फुटताच सुरुवात करणार आहे. फवारणी झालेल्या बागेतली पाने मात्र अळ्यांना चुकूनही घालू नयेत, हे वर सांगायचे राहिले.