कॅट काढू का? तुम्ही विचारलंत म्हणून

कॅलिफोर्नियात जुनी टोयोटा एमआर-टू स्पायडर बाळगणाऱ्या माणसाला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी भेटले की आधी गाडीचे कौतुक होते आणि मग आवाज जरा खाली आणून विचारणा होते, "कॅट काढलात की ठेवलात?" अलीकडे पुण्याहून भाचेमंडळीही फोनवर हेच विचारतात, फक्त त्यांच्या गाड्या नव्या आणि टर्बोच्या असतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेले बरे.

कॅट म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले घातक वायू कमी करणारे भांडे. ते काढण्याची कारणे दोन असतात आणि त्यांची गल्लत होते. काहींना ताकद आणि आवाज हवा असतो. काहींना इंजिन वाचवायचे असते. स्पायडरच्या बाबतीत दुसरे कारण अगदी खरे आहे, म्हणून आधी त्याविषयी.

अमेरिकेत २००० ते २००५ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या या गाडीत आसनांच्या मागे १.८ लिटरचे, १३८ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि गाडीचे वजन जेमतेम एक टन आहे. तिच्यात कन्व्हर्टर एक नसून तीन आहेत: मुख्य कन्व्हर्टर पुढे नळीत, आणि दोन छोटे, ज्यांना सगळे प्री-कॅट म्हणतात, ते थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या, पोटात. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप दिलेली सिरॅमिकची जाळी साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काहीच काम करत नाही, आणि न जळलेल्या इंधनाचा मोठा वाटा तर थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटभरातच बाहेर पडतो. इंजिनाला खेटून बसवलेला प्री-कॅट लवकर तापतो, एवढ्यासाठीच तो तिथे आहे.

त्याचे दुखणेही याच जागेतून येते. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगमागची तेल परत जाण्याची छिद्रे अपुरी होती; ती काजळीने बुजली की तेल वर चढते, जळते आणि त्याचा थर व उष्णता प्री-कॅटवर येते. जाळी ठिसूळ होऊन तिचा चुरा होतो. आता चुरा पुढे सायलेन्सरकडे गेला असता तर एवढा अनर्थ झाला नसता, पण या इंजिनात झडपांची वेळ बदलणारी व्हीव्हीटी-आय यंत्रणा आहे, आणि आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा ज्या क्षणी एकत्र उघड्या असतात त्या क्षणी थोडा धूर उलटा सिलिंडरमध्ये ओढला जातो. त्याच्याबरोबर सिरॅमिकची भुकटी आत गेली की सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात, तेल आणखी जळते आणि दुष्टचक्र पुरे होते. आधी तेल की आधी चुरा, यावर स्पायडरवाले तासन्‌तास वाद घालू शकतात. टोयोटाने पुढे पिस्टनची रचना बदलल्यानंतरच्या इंजिनांची तक्रार कमी ऐकू येते, त्यामुळे माझे मत तेलाच्या बाजूने आहे.

तपासणी घरी होते. इंजिन थंड असताना मॅनिफोल्डवरचा पत्रा काढावा, गंज सोडवणारे तेल मारून थांबावे, आणि वायरसाठी खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटने वरचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर सोडवावेत. त्या भोकांतून बारीक कॅमेरा खाली सोडला की जाळीचा माथा दिसतो. चौकोनी घरे सरळ रांगेत आणि कडा शाबूत असतील तर ठीक. कडा झिजून गोल झाल्या असतील, मध्ये खळगा पडला असेल किंवा जाळी बोटभर खाली सरकली असेल, तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे.

बरेच जण पुढे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: मॅनिफोल्ड उतरवून छिन्नीने जाळी फोडायची आणि रिकामे भांडे परत बसवायचे. कन्व्हर्टरवर नजर ठेवणारा सेन्सर मुख्य कन्व्हर्टरच्या मागे असल्यामुळे बिघाड दाखवणारा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा सहसा लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाच्या सक्तीच्या तपासणीत, २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या नळीत मोजणीची नळी घालत नाहीत, गाडीचा संगणक वाचतात आणि वरून पाहणी करतात. मॅनिफोल्डच्या पोटात कोणी डोकावत नाही. म्हणजे गाडी पास होते. पण हे काम बेकायदेशीरच आहे, कारण अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही मनाई गॅरेजवाल्याप्रमाणे खुद्द मालकालाही लागू आहे, आणि चांगला प्री-कॅट व चुरा होत असलेला प्री-कॅट असा भेद तो कायदा करत नाही. मला हा नियम इथे थोडा बोथट वाटतो. तरीही मी जाळी फोडली नाही, नवा मॅनिफोल्ड बसवला, कारण प्री-कॅट ज्या मिनिटाचा धूर अडवतो तो धूर माझ्याच घरासमोर, शेजाऱ्यांची मुले शाळेला निघतात त्या वेळी सोडला जाणार होता. आणि याच राज्यात रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी पन्नासच्या दशकात दाखवून दिले होते की लॉस एंजेलिसचे डोळे झोंबवणारे धुके गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होते.

मात्र मॅनिफोल्ड विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा आणि तेल किती जळते ते डिपस्टिकवर पाहून लिहून ठेवा. तेल पिणारे इंजिन नवा प्री-कॅटही खाऊन टाकते, आणि मग तो खर्च पाण्यात जातो.

ताकदीसाठी मुख्य कन्व्हर्टर काढण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टर्बो नसलेल्या या इंजिनात हाती लागलीच तर दोन-चार अश्वशक्ती लागते. बदल्यात महामार्गावर कानाशी भुणभुण, कपड्यांना वास आणि पुढच्या स्मॉग चेकला हमखास नापास.

पुण्याच्या भाच्यांचे प्रकरण वेगळे आहे. टर्बोच्या पाठीमागचा अडथळा कमी केला की धुराच्या जोरावर फिरणारे त्याचे टर्बाइन लवकर फिरते, त्यामुळे डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारी, कन्व्हर्टर असलेली नळी) बदलल्याचा फरक तिथे खरोखर जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्या फायद्याचा बराचसा भाग मोठ्या घरांची जाळी असलेला कन्व्हर्टर ठेवूनही मिळतो. दर चौरस इंचाला चारशेऐवजी दोनशे घरे, एवढाच फरक. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा आहे, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही. पीयूसीचे प्रमाणपत्र हातात आहे म्हणून तो फेरफार कायदेशीर ठरत नाही.

गॅरेजवाला "कॅट काढून देतो, दिवा लागणार नाही" म्हणाला, तर मागच्या सेन्सरचे काय करणार ते त्याला विचारा. उत्तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये त्याची तपासणीच बंद करण्याचे असेल. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून असे बदललेले सॉफ्टवेअर सापडले की गाडी स्मॉग चेकमध्ये नापास होते. पुण्यात आज कोणी ते पाहत नसले, तरी पुढे कन्व्हर्टर परत बसवलात आणि तो खरोखरच बिघडला, तर तुम्हाला सांगायला तो दिवा नसेल.