सहा आकडे आणि भिंतीपलीकडचं संबळ

त्या हॉलच्या गेटबाहेर मी १ तास २५ मिनिटं उभा होतो. पैसे कापल्याचा मेसेज मोबाइलमध्ये, तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये, आणि भिंतीपलीकडे संबळ कडाडत होतं. महिना होत आला, तरी ते आठवलं की अजून चिडचिड होते. म्हणून हे लिहितोय. पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणी असं बाहेर राहू नये.

मी जालन्याचा, सळईच्या कारखान्यात नोकरीला. कॉलेजपासून मेटल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं दणदणीत रॉक संगीत ऐकतो आणि त्यातही फोक मेटल जास्त, म्हणजे लोकवाद्यं मिसळलेलं मेटल. घरी कुणी विचारलं की हे काय असतं, तर मी सरळ गोंधळापासून सुरुवात करतो. देवीच्या गोंधळातलं संबळ घ्या, मागे पाय थरारतील असा दोन पेडलांचा ड्रम ठेवा, खालच्या सुरात लावलेली इलेक्ट्रिक गिटार जोडा. इंग्लंडमध्ये १९९० साली निघालेल्या स्कायक्लॅड या बँडनं मेटलमध्ये व्हायोलिन आणलं. स्वित्झर्लंडचे एलुवेटी हर्डी-गर्डी हे चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य वाजवतात, मंगोलियाचे द हू घोड्याच्या डोक्याचं मोरिन खूर गजानं वाजवतात. आपल्या दिल्लीचे ब्लडीवूड ढोल आणि बासरी घेऊन २०१९ साली जर्मनीत वाकनच्या मेटल महोत्सवाच्या मंचावर पोचले. मग तुळजापूर आणि माहूर ज्या मराठवाड्यात आहेत, तिथल्या संबळानं काय घोडं मारलंय? हा प्रश्न मी पाच-सहा वर्षं सगळ्यांना विचारत होतो, आणि अचानक कळलं की छत्रपती संभाजीनगरात पाच पोरांचा एक बँड नेमकं तेच करतोय. कार्यक्रम शनिवारी, बीड बायपासजवळच्या एका मंगल कार्यालयात. तिकीट ४९९ रुपये.

आतेभावाला लगेच फोन लावला. त्यानं दहा मिनिटांत दोन तिकिटं काढली. इथंच चूक झाली होती, पण ते आम्हाला गेटवर कळलं.

जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर. एसटीनं सिडको बसस्थानकावर उतरलो, रिक्षा केली, सात वाजून दहा मिनिटांनी गेटवर हजर. मुख्य बँड पावणेआठनंतर चढणार होता. सगळं वेळेत.

गेटवरच्या माणसानं माझा स्क्रीनशॉट पाहिला आणि मान हलवली. "फोटो चालत नाही. ॲपमधला चालू कोड दाखवा." तिकीट विकणाऱ्या कंपनीचा कोड म्हणे दर थोड्या वेळानं बदलतो, म्हणजे एकाच तिकिटावर चार जण शिरत नाहीत. कारण पटण्यासारखं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आतेभावानं ॲप उघडलं, तर ते लॉगआउट झालेलं. पुन्हा आत जायचं तर ओटीपी. आणि ओटीपी जाणार आत्याच्या नंबरवर, कारण त्याचं ते खातं कधीकाळी आत्याच्या मोबाइलवरून उघडलेलं होतं. आत्या जालन्यात. शनिवारी संध्याकाळी ती मंदिरात हरिपाठाला जाते आणि मोबाइल घरी ठेवते.

शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांनी त्यांच्या मुलाला मंदिरात पिटाळलं. आत्या हरिपाठ अर्धा सोडून घरी आली, याचं मला आजही वाईट वाटतं. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपलेली. दुसरा मागवला, तर आमच्याच भागात नेटवर्क जाईना-येईना. गेटपाशी शे-दीडशे मोबाइल एकाच वेळी तेच करत होते. आत्याचा आवाज तुटत होता. आतेभावानं सातच्या जागी साठ ऐकलं, मग घाईत दोनदा चुकीचा आकडा दाबला. पडद्यावर आलं: खूप वेळा चुकीचा ओटीपी, ३० मिनिटांनी प्रयत्न करा.

मी मदतीच्या टेबलाकडे गेलो. तिथं एकच मुलगा, त्याच्यासमोर एक टॅब. बुकिंग नंबर सांगितला. त्यानं शोधला आणि टॅब माझ्याकडे फिरवून दाखवला. आतेभावाचं नाव, दोन तिकिटं, पैसे जमा, तिकीट अजून वापरलेलं नाही, सगळं त्याच्यासमोर लिहिलेलं. आतेभावाचं आधार कार्ड मी त्याच्या हातात दिलं. नाव जुळलं.

"मग सोडा ना आत."

"दादा, मला दिसतं, पण माझ्याकडून एंट्री करता येत नाही. कोड स्कॅन झाला पाहिजे."

"तुम्हाला पटलंय ना, तिकीट आमचंच आहे?"

"पटलंय हो."

माझा सगळा राग या "पटलंय हो" वर आहे. त्या पोरावर नाही, त्याला दिवसाचे किती पैसे मिळाले असतील देव जाणे. राग त्या व्यवस्थेवर आहे, जिनं टेबलावर माणूस बसवला आणि त्याच्या हातात काहीच ठेवलं नाही. प्रत्येक तिकिटावर वेगळा सेवाशुल्क कापला होता. तो कशाचा होता? ओळखपत्र बघून एंट्री करायचं एक बटण त्या टॅबवर असतं, तर आमचं काम दोन मिनिटांत झालं असतं. माझ्यामागे परभणीहून आलेल्या दोन मुली होत्या, त्यांचंही तेच. एकीचा मोबाइल नवीन होता, जुना नंबर बंद.

आणि आत तर सात पन्नासलाच सुरू झालं होतं.

भिंतीतून गिटारचा खर्ज तेवढा येत होता, बाकी सगळा गोळा. पण संबळ मात्र लख्ख. पत्र्याच्या शेडवर पाऊस पडावा तसा त्याचा चढा आवाज गिटारच्या वर तरंगत होता. सहा मात्रांची ती चाल मी लहानपणापासून ओळखतो. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घातला की अख्खी गल्ली ओसरीवर येऊन बसायची. दिवटी पेटली की झालं, कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू कोणाचा. त्या वाद्यासाठी मी आज गेटबाहेर उभा होतो, "उदो उदो" असा आतल्या लोकांचा ओरडा ऐकू येत होता, आणि मला तोंडातून आवाज काढवेना.

हे वाचताय तर एक आत्ताच सांगतो, नाहीतर राहून जाईल. प्रत्येकानं आपलं तिकीट आपल्या नावावर, आपल्या नंबरवर काढा. एकानं काढलंच असेल तर घरूनच ॲपमधून दुसऱ्याकडे पाठवून घ्या. आणि निघण्याआधी एकदा मुद्दाम लॉगआउट करून परत लॉगिन करून बघा.

आठ वाजून तीस मिनिटांनी ॲपचं कुलूप सुटलं. या वेळी मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या गाड्यापाशी गेलो, तिथं नेटवर्क बरं होतं. आत्याला म्हणालो, जोडीजोडीनं सांग. ती म्हणाली, "थांब बाळा, चष्मा घालू दे." मग सावकाश तीन जोड्या सांगितल्या. कोड उघडला. आम्ही दोघं पळत रस्ता ओलांडला. आठ पस्तीसला आत.

दारातून पाऊल टाकलं तेव्हा छातीत धक्का बसला. हॉल लहान, अडीच-तीनशे माणसं, स्टेज गुडघ्याएवढं. संबळवाला माझ्यापासून पंधरा फुटांवर. कमरेला जोडसंबळ बांधलेलं, एका हातातली काठी टोकाला वाकलेली, दुसऱ्या हातातली सरळ. मागे तुणतुणं होतं, त्याला पिकअप, म्हणजे तारेचा आवाज स्पीकरला पोचवणारा भाग लावलेला. गिटारच्या गदारोळात एका तारेचा तो आवाज टिकणार नाही असं मला वाटलं होतं, पण पोरांनी डोकं लावलं होतं. जिथं तुणतुणं येतं तिथं गिटार पूर्ण थांबवायची. त्या चार-पाच सेकंदांत फक्त तार वाजायची आणि लोक श्वास धरायचे. मग सगळं एकदम कोसळायचं. परदेशी बँडची नक्कल केली असती तर ही जागा त्यांना सापडली नसती.

कानात बोळे घालून जा. मी कारखान्यातले घेऊन गेलो होतो. आम्हाला सुरक्षेच्या वर्गात शिकवलंय: ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. लहान हॉलमध्ये स्पीकरच्या समोर उभं राहिलं की एवढा आवाज सहज होतो. बोळ्यांनी गाणं मरत नाही, उलट संबळाचे दोन्ही आवाज वेगवेगळे कळतात. परभणीच्या मुलींना एक जोडी दिली. त्या आमच्यानंतर दहा मिनिटांनी आत आल्या होत्या. नव्या मोबाइलवालीचं कसं सुटलं ते विचारायचं राहिलं.

नऊ पन्नासला बँडनं थांबवलं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी असते. बंद सभागृहाला त्यात सवलत आहे, पण बाहेर आवाज जाण्यावर मर्यादा आहेच, आणि मंगल कार्यालयाच्या मालकानं दहाच्या आत बंद म्हणून आधीच बजावलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, आजूबाजूला घरं आहेत. पण म्हणूनच माझी बाहेर गेलेली ४५ मिनिटं परत मिळणारी नव्हती. पहिली गाणी, देवीचं आवाहन, सगळं त्यात गेलं.

कार्यक्रमानंतर संबळवाले काका बाहेर पायरीवर पाणी पीत बसले होते. मी पाया पडलो आणि सांगितलं की सुरुवात भिंतीबाहेरून ऐकली. ते म्हणाले, "ऐकू आलं ना? मग संबळ बरं लागलं होतं." मग काठी माझ्या हातात दिली. वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली.

सिडकोवरून अकरानंतर परभणीकडे जाणारी गाडी मिळाली, जालन्यात उतरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आत्या जागी होती. तिला रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. गिटार सुरू झाल्यावर तिनं कान झाकले आणि संबळ आल्यावर हात काढले.

कंपनीला सेवाशुल्क परत मागणारी तक्रार केली आहे. उत्तर आलं की तिकीट वापरलं गेलं असल्यानं परतावा देता येत नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं आहे, प्रवेशाची वेळ ८.३५ त्यांच्याच नोंदीत असेल, ती बघा म्हणून. आणि हो, परतीचा रिक्षावाला आधीच ठरवून ठेवा, रात्री दहानंतर बायपासला रिक्षा मिळायला आम्हाला अर्धा तास लागला.