पुलगेट ते गाडीतळ

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातून सासवडला निघते, त्या सकाळी मी सुनेसोबत पुलगेटजवळ आमच्या ओळखीच्या दिंडीत सामील झाले. पार्किन्सन्सचे निदान झाल्यापासून वारीचा विषय मी मनातून काढून टाकला होता, कारण तीसेक किलोमीटरचा हा टप्पा आणि त्यातला दिवे घाट माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. हडपसरच्या गाडीतळापर्यंत तरी चला, असा आग्रह दिंडीप्रमुखांनी धरला आणि मी तयार झाले.

वेळापत्रक अर्थातच गोळीने ठरवले. लेव्होडोपा ही या आजारावरची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने माझे पाय मोकळे होतात आणि काही तासांनी पुन्हा जड होऊ लागतात. शिवाय गोळीच्या आसपास प्रथिने पोटात गेली, तर तिचे शोषण मंदावते. त्यामुळे रस्त्यात वारकऱ्यांसाठी मांडलेली मटकीची उसळ नाकारून मी केळ्यावर भागवले. वारीत चालण्यापेक्षा आग्रह मोडणे अवघड, हे मला त्या दिवशी कळले.

चालणे मात्र अनपेक्षितपणे सोपे गेले. डोपामाइन हे मेंदूतले रसायन कमी झाल्यामुळे मेंदूतील ज्या भागांकडून चालण्याची लय आपोआप मिळायची, ती आता मिळत नाही, म्हणून घरात मला प्रत्येक पाऊल मुद्दाम, विचार करून टाकावे लागते. दिंडीत ती लय बाहेरून मिळत होती. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या ठेक्यावर पुढची रांग पाऊल टाकत होती आणि माझे पाऊल, मी त्याला काही न सांगता, तिच्यामागे पडत होते. ठेका वाढला की मात्र पावले आखूड होऊन शरीर पुढे झुकू लागे, तेव्हा मी बाजूला होऊन पुढच्या दिंडीची वाट पाहत असे.

भैरोबा नाल्याच्या अलीकडे बॅरिकेडमुळे वाट अरुंद झाली आणि पाय जागीच खिळले. अशा वेळी मागून ढकलले किंवा हात धरून ओढले, तर तोल जाण्याचीच भीती. सुनेने ते दोन्ही केले नाही. तिने आपले पाऊल माझ्यासमोर आडवे ठेवले आणि म्हणाली, “आई, यावरून पाय टाका.” ओलांडायला काही दिसले की अडलेला पाय उचलला जातो, का, हे नीट समजायला मला बराच काळ लागला. मागच्या माणसांनी कुरकुर न करता आम्हाला वळसा घातला.

विसाव्याला वेगळीच गंमत झाली. माझा कंप हात स्वस्थ असतानाच वाढतो, त्यामुळे अभंग थांबला तरी मांडीवरच्या हातातले टाळ किणकिणत राहिले. शेजारी बसलेल्या मराठवाड्याकडच्या आजी म्हणाल्या, “माउली, इसावा हाय, थांबा की जरा.” मी म्हटले, “मी थांबलेय, हात थांबत नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग वाजू द्या,” आणि तंबाखूची पिशवी सोडू लागल्या. एरवी लोक माझा हात पाहून नजर चुकवतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरे. १८१७ साली या आजाराचे वर्णन करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी नोंदवलेल्या सहा रुग्णांपैकी काही त्यांना लंडनच्या रस्त्यावरच दिसले होते. रस्त्यावरच्या माणसाची चाल इतक्या लक्षपूर्वक पाहणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला कुतूहल आहे.

गाडीतळाला ज्ञानोबांची पालखी सासवडकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. तिथेच मी थांबले, दुसरी गोळी घेतली आणि रिक्षाने घरी आले.

फिजिओथेरपिस्टने चालण्याच्या सरावासाठी मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा ठेका देणारे अ‍ॅप, लावून दिला होता. त्याची टकटक मला कधीच रुचली नाही. आता त्याऐवजी पखवाजावरचा हरिपाठ लावते, तोही संथ चालीचा, आणि सून स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवते आहे.