सतरा महिने माझ्याकडे राहिलेलं पुस्तक

मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात मी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून एक पुस्तक घरी आणलं. टाउन हॉलच्या तीस पायऱ्या उतरताना सॅक पोटाशी धरली होती आणि थेट डोंबिवलीला पोचेपर्यंत ती तशीच धरली. कोकणातल्या बंदरांवरचं जुनं इंग्रजी पुस्तक, निळ्या कापडी बांधणीचं. बाबांनी जैतापूर-राजापूर खाडीवर लिहून ठेवलेलं बाड मी नीट लावत होते, त्यासाठी हवं होतं. आजोबा गलबतावर तांडेल. गाळ साचत गेला तशी राजापूरपर्यंत मोठी गलबतं जाईनाशी झाली, हे बाबा नेहमी सांगायचे. पण कुठली वस्तू कुठे उतरायची, हे त्यांच्या बाडात अर्धवटच होतं.

रत्नागिरीचं १८८०चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, मी तिथेच बसून वाचलं होतं. असली जुनी, दुर्मीळ पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या कागदाचं पान उलटताना मी श्वास रोखून धरते. ज्याला उभ्या उभ्या संदर्भ हवा, त्याला ते सगळं आज ऑनलाइन सापडतं. पण रात्री जेवणं आटोपल्यावर, बाबांचं बाड शेजारी उघडं ठेवून वाचायचं तर पुस्तक घरीच हवं. सभासद झाले ती एवढ्यासाठी.

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. परत करायची तारीख टळली. मी मेल करून कळवलं की पुस्तक सुखरूप आहे. पण मनाला स्वस्थता नव्हती. माझं स्वतःचं पुस्तक असतं तर एवढी काळजी केली नसती. हे सगळ्या सभासदांचं होतं, माझ्या आधीच्यांचं आणि नंतरच्यांचंही.

पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते. मी ते आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, कपाटाच्या वरच्या खणात आडवं ठेवलं, शेजारी वेखंडाची पुडी. उघडीप मिळाली की बाहेर काढून सावलीत वारं द्यायचं. तेव्हाच त्याचे शिक्के नीट पाहिले. आतल्या पानावर जांभळ्या शाईत ‘बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’, पुढे एका पानावर ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’. १८०४मध्ये सुरू झालेल्या संस्थेची बदलती नावं एकाच पुस्तकात. मागच्या तारखांच्या पट्टीवर १९६१चा शिक्का, त्याखाली १९८३चे दोन, मग एकदम माझा. मधल्या काळात ते कपाटात नुसतं वाट पाहत होतं. गाळाबद्दलच्या परिच्छेदाशेजारी कुणीतरी शिसपेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती. नेमका मला हवा होता तोच परिच्छेद! सगळ्यांच्या पुस्तकात रेघा ओढू नयेत, हे माझं ठाम मत. तरी ती रेघ मी खोडली नाही. १९६१मध्ये किंवा १९८३मध्ये आमच्या खाडीचा विचार करणारं आणखी कुणीतरी होतं, एवढं त्या रेघेने मला सांगितलं.

१५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस घेतलेल्यांना लोकलने जाता येऊ लागलं. त्याच आठवड्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक हातात घेतलं, कणा पाहिला, पानं अंगठ्याखालून सोडली आणि म्हणाल्या, “छान ठेवलंत हो.” मला तिथेच भरून आलं.

पुढे बाड छापायला द्यायच्या आधी एक पृष्ठांक तपासायचा राहिला होता. पुन्हा त्या पायऱ्या चढून गेले, पुस्तक मागितलं.

“ते बाहेर गेलंय,” त्या म्हणाल्या. “थांबावं लागेल.”

म्हटलं, थांबते की.