आमची वाटचाल: पेन्सिलीचा नंबर

चिपळुणात बायॉप्सीची लॅब चालते का, असं अजूनही लोक विचारतात. चालते. २००८ साली भाड्याच्या गाळ्यात एक सेकंडहँड मायक्रोटोम (तुकड्याचे पातळ काप काढायचं यंत्र) घेऊन बसलो. पहिली दहा-अकरा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम येत गेलं, हप्ते फिटत गेले.

मग समोरच मुंबईच्या एका साखळी लॅबचं कलेक्शन सेंटर आलं. एसी, काचेचं दार, बारकोड. त्यांचा पोरगा दवाखान्यांत सांगत फिरायचा, "ते अजून पेन्सिलीने नंबर घालतात." खरंच घालायचो. अर्धे डॉक्टर तिकडे गेले. पाकिटांबद्दल मी बोलत नाही. दापोलीचे एक सर्जन तेवढे टिकले. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मालिनची बाटली, वर स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि संध्याकाळी फोन: "पोचली का हो?"

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटे शटरखालून आलं आणि दुपारपर्यंत पंख्याला लागलं. तुकडे मेणासाठी तयार करणारा टिश्यू प्रोसेसर गेला, कॉम्प्युटर गेला, रजिस्टरांचा लगदा झाला. ब्लॉकचं कपाट चिखलात आडवं. बायको म्हणाली, आता पुरे. मीही तेच म्हणत होतो.

पण ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. मेणात पाणी शिरत नाही. आठ दिवस आम्ही दोघं आणि आमचा टेक्निशियन बादल्या घेऊन बसलो. गार पाणी, मऊ ब्रश, मग पंख्याखाली वाळवण. (उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं. गरम पाण्याचं तर नावच काढू नका.) प्रिंट केलेली लेबलं सुटून गेली होती. कॅसेटवरचा, म्हणजे ब्लॉकच्या प्लास्टिकच्या चौकटीवरचा, पेन्सिलीचा नंबर जसाच्या तसा.

२०२२च्या सुरुवातीला दापोलीच्या सर्जनांचा फोन आला. मार्च २०२१ मध्ये काविळीच्या एका पेशंटचं पोट उघडून त्यांनी पित्तनळीजवळचा तुकडा पाठवला होता, कॅन्सर निघाला होता. केमो आता लागू पडत नव्हती. मुलगा परदेशात, तिथल्या एका नव्या उपचाराच्या चाचणीत पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांत जीन घालून, गाठीवरचं ठरावीक प्रथिन ओळखायला शिकवून परत सोडणार होते. आधी ते प्रथिन गाठीत आहे का, हे बघायला जुना ब्लॉक हवा होता. त्याच पेशंटची दुसरी बायॉप्सी समोरच्या साखळीकडे गेलेली. त्यांनी तो ब्लॉक ट्रिम करता करता, म्हणजे वरचं मेण तासता तासता, संपवला होता. पित्तनळीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, वर चिवट. तिथे हात आवरावा लागतो.

आमचा सापडला. बर्फावर गार केला, नवं ब्लेड लावलं, चार मायक्रॉनवर दहा काप काढले. वॉटर बाथच्या कोमट पाण्यावर रिबन, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या कापांची पट्टी, सुरकुती न पडता पसरली तेव्हा टेक्निशियनने श्वास सोडला. नवीन पोरांना सांगतो, पहिला काप रंगवा, पण बाकीचे कोरे जपून ठेवा. कोणी विचारत नाही, तरी सांगतो.

चाचणीत त्यांना घेतलं नाही. ते प्रथिन काही पेशींवर होतं, बऱ्याच पेशींवर नव्हतं. घट्ट गाठींचं दुखणं तेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या अशाच टी-पेशींच्या उपचाराला भारतात मंजुरी मिळाली, ती बी-पेशींच्या (त्याही पांढऱ्या पेशीच) रक्ताच्या कॅन्सरसाठी. तिथे सीडी१९ ही खूण बहुतेक सगळ्या रोगट पेशींवर असते, आणि सोबत निरोगी बी-पेशी मेल्या तरी माणूस सांभाळता येतो. पित्तनळीच्या गाठीत खूण सगळ्या पेशींवर सारखी नसते, आणि तीच खूण कधी निरोगी नळीवर, कधी फुफ्फुसावरही सापडते. वर गाठीभोवती तंतूंचं कुंपण. टी-पेशी आत शिरणार कुठून? ते कुंपण आम्हाला ब्लेडखाली रोज जाणवतं.

पेशंट २०२२च्याच पावसाळ्यात गेले. परदेशातल्या रिपोर्टवर आमच्या नावाऐवजी नुसतं "बाहेरची लॅब" असं होतं. हे मात्र मला लागलं.

ब्लॉक परत यायला सात महिने आणि माझी चार पत्रं लागली. आला तेव्हा आमच्या नंबरावर त्यांचा बारकोड चिकटवलेला. स्पिरिटच्या बोळ्याने तो सोडवला, आणि ब्लॉक मार्च २०२१च्या खणात त्याच्या जागी ठेवला.