रोजकीर्द आणि खतावणी

लॉग, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या लिहितो त्या नोंदी, साठवायला लागतं काय? एक फाइल उघडायची आणि आलेली ओळ तिच्या शेवटी चिकटवायची. वेळ, सर्व्हरचं नाव, काय घडलं ते. शनिवारी सकाळी चहा घेता घेता एवढं लिहून होतं, रविवारी त्यावर शोधायची खिडकी बसते आणि सोमवारी प्रश्न पडतो, की एवढ्याशा कामासाठी लोक आयत्या लॉग-सेवांची बिलं दर महिन्याला का भरतात.

याचं उत्तर पेढीवरच्या जुन्या मुनीमजींना ठाऊक असतं. त्यांच्याकडे दोन वह्या. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. रोजकीर्द हात वळेल तशी लिहिता येते. अमक्याकडून गेल्या पंधरवड्यात किती येणं झालं, हे गिऱ्हाईक समोर उभं असताना सांगायचं तर खतावणी लागते, आणि सगळी मेहनत तिच्यात जाते. लॉगची फाइल म्हणजे रोजकीर्द, इंडेक्स (शोधासाठीची सूची) म्हणजे खतावणी. घरी सिस्टिम बांधायला निघालेला माणूस बहुधा रोजकीर्द लिहून झाल्यावरच पेढे वाटतो.

त्यात रोजकीर्दही वाटते तितकी भोळी नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला ओळ दिली की ती आधी मेमरीत थांबते, डिस्कवर नंतर उतरते. मधल्या काळात वीज गेली तर ओळ गेली. प्रत्येक ओळीला एफसिंक, म्हणजे ‘आत्ताच डिस्कवर उतरव’ असा हुकूम, केला तर वेग रांगायला लागतो. म्हणून दर सेकंदाला किंवा दर 1 एमबीला एकदा एफसिंक करायचा आणि सेकंदभराचे लॉग हरवू शकतात हे कबूल करून टाकायचं. मशीन ऐन लिहिताना बंद पडलं तर शेवटची नोंद अर्धवट राहते. त्यासाठी प्रत्येक नोंदीपुढे 4 बाइटांत तिची लांबी आणि 4 बाइटांत चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लिहायचा. पुन्हा सुरू होताना शेवटची फाइल वाचत जायची आणि पहिला चेकसम चुकला तिथून पुढचं कापून टाकायचं. हे न केलेली सिस्टिम वर्षभर सुरळीत चालते आणि नंतर एका रात्री सुरूच होत नाही.

लांबीवरून आठवलं. 1024 बाइटांवर ओळ तोडणारी जुनी साधनं अजून बरीच आहेत. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘मधुकर’मधली उकारासकट पाच चिन्हं म्हणजे 15 बाइट. नुसत्या देवनागरी चिन्हांचा सलग मजकूर 1024 वर तोडला तर 341 चिन्हं बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एक बाइट लोंबकळत राहतो. तो पुढे जेसन (नोंद रकान्याचं नाव आणि त्यातली किंमत अशी लिहायची पद्धत) वाचणाऱ्या प्रोग्रामच्या घशात अडकतो. तोडायचंच असेल तर बाइट मोजा, पण कापताना चिन्हाच्या सीमेवर मागे या.

आता डिस्क भरण्याचा प्रसंग जवळून पाहू. डिस्क किती भरली ते दाखवणारं डीएफ सांगतं, 100 टक्के. घाईघाईने कालची 40 जीबीची फाइल उडवली. पुन्हा डीएफ: 100 टक्के. फोल्डरमधल्या फाइलींची बेरीज करणारं डीयू मात्र म्हणतं, फोल्डरमध्ये फारसं काही नाहीच. खोटं दोघंही बोलत नाहीत. फाइलचं नाव गेलंय, पण चालू प्रोग्रामने ती उघडून धरलेली आहे, त्यामुळे तिची जागा सुटलेली नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफमध्ये अशा फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असा शिक्का दिसतो. प्रोग्रामला फाइल नव्याने उघडायचा सिग्नल द्या किंवा तो पुन्हा सुरू करा, जागा क्षणात मोकळी होते. जुने लॉग बाजूला सारणाऱ्या लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट हा पर्याय याच दुखण्यासाठी आहे. पण प्रत काढणं आणि मूळ फाइल रिकामी करणं यांच्यामधल्या फटीत आलेल्या ओळी त्यात हरवतात. आणि लॉगला कायम वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र कप्पा, द्या. लॉगमुळे डेटाबेसची जागा संपणं म्हणजे पाहुण्याने यजमानाला ओसरीवर झोपवण्यासारखं.

खतावणीकडे वळण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. सेकंदाला 2,000 ओळी, ओळ सरासरी 400 बाइटांची, म्हणजे दिवसाला सुमारे 69 जीबी. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. ते झाले साडेबारा टीबीच्या आसपास. लॉग एकसुरी असतात, झेडस्टँडर्ड या फाइली आवळायच्या साधनाने दहापट आवळले जाणं अवघड नाही. राहिले सव्वा टीबी, दोन प्रती ठेवल्या तर अडीच. एका तासाची फाइल 2.9 जीबी, आवळून 300 एमबीच्या आत. घटना कुठल्या तासातली हे माहीत असेल तर तेवढी फाइल उलगडून ग्रेप मारायला (शब्द शोधायला) काही सेकंद पुरतात. इथे खतावणी लागलीच नाही! दर तासाची आवळलेली फाइल, नावात सर्व्हिस आणि तास, ऑब्जेक्ट स्टोरेज या नेटवर्कवरच्या फाइलींच्या कोठारात रवानगी, आणि जुनी फाइल आपोआप काढणारा नियम: एवढीच घरची सिस्टिम मला पटते. पुसायचं ते अख्ख्या फाइलीने पुसायचं, ओळीओळीने पुसत बसायचं नाही.

फाइलीच्या नावातला तास मात्र यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, ठेवावा आणि सगळ्यांना सांगून ठेवावा. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची भानगड आदल्या तारखेच्या फाइलीत सापडते. शिवाय अर्ध्या तासाच्या फरकामुळे आपला 10 ते 11 हा तास दोन फाइलींत विभागला जातो. मशीनांनी लॉग पाठवायच्या जुन्या सिसलॉग पद्धतीची तऱ्हा याहून न्यारी: तिचं वर्णन करणाऱ्या आरएफसी 3164 या दस्तऐवजातल्या तारखेत वर्षच नाही, टाइमझोनही नाही. 31 डिसेंबरची अडकून पडलेली ओळ 1 जानेवारीला पोचली, की वाचणारा तिला खुशाल बारा महिने पुढे ढकलतो. 2009 च्या आरएफसी 5424 ने ही चूक दुरुस्त केली, पण जुने राउटर ते वाचायला बसलेले नाहीत.

ज्यांना ‘गेल्या तीन महिन्यांत हा ऑर्डर नंबर कुठेकुठे आला’ असं विचारायचं असतं, त्यांनी तयार खतावणी घ्यावी. फक्त ती कोणत्या पद्धतीने लिहिली जाते ते बघून. इलॅस्टिकसर्च हा शोधाचा प्रोग्राम शब्दन् शब्द खतावतो. शोध झपाट्याने लागतो, पण मूळ मजकूर, शब्दसूची आणि वर प्रत, अशी डिस्क फुगते. कुणी जेसनमध्ये ग्राहक क्रमांकच रकान्याचं नाव म्हणून लिहिला, की मूळ सेटिंगची 1,000 रकान्यांची मर्यादा संपते आणि नव्या रकान्याच्या नोंदी परत फिरतात. डिस्क 95 टक्क्यांवर गेली की तो लिहून घेणंच थांबवतो. लोकी हा अगदी उलट स्वभावाचा, वहीच्या पाठीवरची नावं तेवढी खतावतो. सर्व्हिस, सर्व्हर, वातावरण (चाचणीचं की खरं) अशी मोजकी लेबलं दिलीत तर स्वस्तात चालतो. लेबलात ग्राहक क्रमांक घातलात तर लाखो चिमुकल्या वह्या तयार होतात आणि मेमरी संपते. क्लिकहाउस हा डेटाबेस रकान्यागणिक वेगळी वही ठेवतो, मोजदादीला तो फार चांगला. त्याला एकेक ओळ पाठवू नका. प्रत्येक इन्सर्टचा, म्हणजे पाठवणीचा, वेगळा भाग बनतो, मागे ते जोडणारं काम दमतं आणि ‘टू मेनी पार्ट्स’ म्हणत तो संपावर जातो. किमान 1,000, खरं तर 10,000 ते 1,00,000 ओळींचा गठ्ठा करून पाठवा.

आयती सेवा घेतली तर बिल बहुतेक ठिकाणी येणाऱ्या जीबीवर असतं. कुणीतरी डीबग (बारीकसारीक सगळं लिहायची सोय) चालू करून घरी गेला की ते महिनाअखेरीस कळतं. दिवसाची मर्यादा पहिल्याच दिवशी लावावी.

एक जागा घरी बांधणाऱ्यांना आणि आयतं घेणाऱ्यांना सारखीच छळते. लॉग गोळा करणाऱ्या एजंटाचे (मशीनवरच्या त्या छोट्या प्रोग्रामचे) स्वतःचे लॉग कुठे जातात? बऱ्याचदा तो ज्या फोल्डरवर नजर ठेवून असतो त्यातच. मग एक ओळ वाचता आली नाही, की तो तक्रार लिहितो आणि तक्रारीत ती ओळ जशीच्या तशी देतो. पुढच्या फेरीत आपलीच तक्रार वाचतो, तीही वाचता येत नाही, आणखी मोठी तक्रार. ओळ अवतरणात घालताना आतल्या अवतरणचिन्हाआधी पडणारी उलटी तिरकी रेघ प्रत्येक फेरीत दुपटीहून एकाने वाढते: 1, 3, 7, 15. दहाव्या फेरीला 1,023 रेघा. पानभर नुसत्या रेघाच दिसू लागल्या की दुसरं काही शोधत बसू नये. एजंटाची स्वतःची फाइल वाचायच्या यादीतून वगळावी आणि त्याच मशीनवर 50 एमबीच्या तीन फाइलींत फिरवत ठेवावी. तिला खतावणी नको, टेल (फाइलीचा शेवट दाखवणारी आज्ञा) लावून वाचली की पुरते.