तुम्ही विचारलंत म्हणून: पगारातले किती बाजूला टाकायचे?

नवी नोकरी लागली की घरातली भाचरं हमखास विचारतात, "मावशी, पगारातले किती टक्के बाजूला टाकू?" दहा टाका, वीस टाका, ते तुमच्या घरभाड्यावर ठरेल. मला टक्के कुणी शिकवलेच नाहीत. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात बचत म्हणजे आधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायचा साठा; पैसे नंतर.

1 जूनपासून जुलैअखेर ट्रॉलर बंद, म्हणजे ताजी मासळी महागच. म्हणून आजी मे महिन्यातच सगळं भरून ठेवायची: सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), उकडे तांदूळ, चिंच, मिरच्या. आमसुलं घरची. रातांबे फोडून सालं मिठाच्या रसात बुडवायची, दिवसभर उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात, असं आठवडाभर. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात. कुठल्या बरणीत काय नि किती उरलंय, हे आम्हा पोरांनाही ठाऊक असायचं. आणि श्रावणात घरात मासळी शिजत नसे, तेव्हा सुक्याचा डबा त्याआधी रिकामा व्हायला हवा. उरला, की आजी स्वतःवरच चिडायची. जास्त भरलं म्हणजे पैसे अडकले, असा तिचा सरळ हिशेब.

बाबांचं दुकान होतं, त्यांची बचत पिग्मीत, म्हणजे एजंट रोज येऊन थोडे थोडे पैसे घेऊन जाणार, ते बँकेत जमा. सिंडिकेट बँकेने 1928 साली उडुपीत ही पद्धत सुरू केली तेव्हा रोजचे दोन आणे घेत. आमच्याकडे दुसऱ्या एका बँकेचा एजंट दुकान बंद व्हायच्या सुमारास यायचा. कॉलेजात असताना मी बाबांना कागदावर मांडून दाखवलं, की आरडीत, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायच्या खात्यात, व्याज जास्त मिळतं. ते म्हणाले, "आणि आरडी भरायला दुकान टाकून मी बँकेत जाणार कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोन्याचं मात्र गोव्यात वेगळंच झालं. पोर्तुगीज अमदानीत लोक बांकू नासियोनाल उल्त्रामारीनू या बँकेत दागिने गहाण ठेवत. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण त्याआधीच ते सोनं लिस्बनला गेलं होतं. परत आलं 1991 मध्ये. तोवर कितीतरी घरांत ठेवणारा माणूसच गेलेला! गहाणाच्या पावत्या कुठल्या पेटीत आहेत हे मागे राहिलेल्यांना माहीत असणं, सगळं त्यावरच आलं.

म्हणून मी टक्क्यांपेक्षा हेच विचारते: तुझे पैसे कुठे आहेत, हे घरात आणखी कुणाला माहीत आहे? एसआयपी, डिमॅट, एफडी, सगळं एका मोबाईलमध्ये आणि मोबाईलला तुझाच अंगठा. एका वहीत बँकेचं नाव, खातं, नॉमिनी लिहून ठेव. पासवर्ड नको, तो वहीत नसतो लिहायचा.

लग्न झालेल्यांना आणखी एक. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. घर विकायचं तरी दोघांची सही लागते. तेव्हा ती वही दोघांनी मिळूनच लिहा.